चर्चमधली बूथं आणि आमचा नकाशा

"रेड की ब्लू? एका शब्दात सांग."

नबील माझ्या खुर्चीमागे उभा होता. हातात कॉफीचा कागदी कप, नजर माझ्या स्क्रीनवर. स्क्रीनवर अमेरिकेतल्या एका लहान शहराचा नकाशा होता. त्यात मी आठवडाभर जे रंग भरले होते ते पाहून कुणालाही वाटलं असतं, की रंगपंचमीला कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्याची वाट लागली आहे.

"एका शब्दात नाही सांगता येत," मी म्हणालो.

"मग दोन शब्दांत सांग."

"माहीत नाही."

"हे दोन शब्द क्लायंटला चालणार नाहीत, मिस्टर प्रमोद. पुढच्या बुधवारी प्रेझेंटेशन आहे. यल्ला, चल, आटप." आणि तो गेला.

मी नकाशेवाला. कागदावरचे नव्हे, कॉम्प्युटरवरचे. या कामाला जीआयएस म्हणतात. सोप्या भाषेत, नकाशा आणि तक्ता यांचं लग्न लावून देणं. नकाशावर जमिनीचा तुकडा, तक्त्यात त्या तुकड्याची माहिती, आणि दोघांची गाठ मारली की तुकड्याला रंग देता येतो. अशा रंगीत नकाशांचे थर एकावर एक ठेवायचे. प्रत्येक थराला आम्ही लेयर म्हणतो. मूळचा मी सटाण्याचा, शिकलो नाशिकला, आणि नोकरीची सगळी वर्षं दोह्यात गेली. गॅसच्या पाइपलाइनी, सांडपाण्याच्या लाइनी, रस्त्याखालच्या केबली, असे नकाशे केले. पाइपचं एक बरं असतं. तो जिथे गाडला तिथेच असतो आणि एका बाजूलाच वाहतो.

नबील आमच्या कन्सल्टन्सीचा मॅनेजर, जॉर्डनचा. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. कुठल्याही कामाला नाही म्हणताना मी त्याला ऐकलेलं नाही. क्लायंट चंद्राचा नकाशा मागेल, तर हा "इन्शाल्ला, दोन आठवडे" म्हणेल आणि मग माझ्याकडे येईल.

या वेळचा क्लायंट एक कतरी घराणं. प्लास्टिकच्या पाइपांचे कारखाने. घराण्यातले थोरले म्हणजे अबू नासिर. त्यांना अमेरिकेत कारखाना काढायचा होता आणि त्या शहराच्या कडेला बंद पडलेला एक कारखाना आवडला होता. शहराचं नाव मी सांगत नाही, तसा करार आहे. थंडीच्या मुलखातलं, नदीकाठचं, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं. अडचण अशी होती, की त्या जागेचं झोनिंग बदलायला हवं होतं. झोनिंग म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करायचं याचा नगरपालिकेचा नियम. तो बदलायचा तर तिथल्या सिटी कौन्सिलची, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांची, मंजुरी लागते. अबू नासिरांचा प्रश्न साधा होता. हे शहर कुणाचं? कुणाच्या बाजूचं? पैसे अडकवण्याआधी त्यांना तेवढं कळायला हवं होतं.

"पण आपण पाइपलाइनवाले," मी नबीलला सुरुवातीलाच म्हटलं होतं. "अमेरिकेतली एखादी कंपनी हे चांगलं करेल."

"नकाशा म्हणजे नकाशा. तिथे पाइप होते, इथे मतदार."

मी पुढे बोललो नाही, त्याला कारण होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरअखेर संपत होतं. ते पुढे चालू ठेवायचं की नाही, हे नबीलच्या शिफारशीवर होतं. इथे नोकरी गेली की मुक्कामच संपतो, थोड्या दिवसांची मुदत मिळते आणि सामान बांधायचं. माझी मुलगी सई बारावीला. तिची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. ऐन परीक्षेच्या तोंडावर तिला शाळेतून काढून नाशिकला कुठे बसवायचं, हे मला सुचत नव्हतं. म्हणून मी मूग गिळून कामाला लागलो.

आता गोंधळ क्रमाने सांगतो.

पहिला गोंधळ रंगांचा. आमच्या गावात लाल बावटा म्हणजे मोर्चा, घोषणा, कामगारांचा पक्ष. अमेरिकेत बरोबर उलटं. तिथे रेड म्हणजे उजवे, आणि ब्लू म्हणजे त्यातल्या त्यात डावे. डोक्याला हे कळतं, हाताला कळत नाही. मी नकाशावर लाल भाग बघायचो आणि मनात आपोआप तिथे युनियनचा बोर्ड दिसायचा.

त्यातून सावरून मी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा लेयर बनवला. तिकडे शहराचे लहान लहान भाग पाडलेले असतात, त्यांना प्रिसिंक्ट म्हणतात. एका मतदान केंद्रावर जेवढे लोक येतात तेवढ्यांचा एक भाग, म्हणजे आपलं बूथ. प्रत्येकाचा निकाल वेबसाइटवर मिळतो. नकाशा सुरेख आला. बाहेरच्या वस्त्या लाल, नदीकाठचा जुना भाग निळा. मला वाटलं, झालं, दोन दिवसांचं काम.

मग मी दुसरा लेयर टाकला. त्याच वर्षी शहरात शाळेच्या इमारतींसाठी घरपट्टी वाढवावी का, यावर लोकांनी मत दिलं होतं. म्हणजे स्वतःचा कर वाढवायचा का, हे स्वतःच ठरवायचं. हीच गोष्ट मला पचायला अर्धा दिवस गेला. निकाल बघितला तर आणखी उलटं. कर कमी करू म्हणणाऱ्या पक्षाला भरभरून मतं देणारी सगळ्यात लाल वस्ती, तिनेच शाळेसाठी कर वाढवा म्हणून सांगितलेलं. आणि निळ्या भागातल्या एका बूथने चक्क नको म्हटलेलं. मी तक्ता तपासला. ओळी सरकल्या असतील म्हणून पुन्हा तपासला. ओळी जागच्या जागी होत्या.

तिसरा लेयर कौन्सिलचा. तिथे उमेदवारांच्या नावापुढे पक्षच नव्हता. एकाच्याही नाही. आम्ही भारतातली माणसं. पक्षाशिवाय उभा राहिला म्हणजे अपक्ष, आणि अपक्ष म्हणजे तिकीट न मिळालेला बंडखोर, हे आम्हाला दूध पितानाच शिकवलेलं असतं. मी कोण कुठल्या पक्षातून फुटला ते शोधत बसलो. एक शाळेत बँड शिकवायचा, एकीचं फुलांचं दुकान, एक निवृत्त अग्निशामक. कुणीच कुठून फुटलं नव्हतं. मग समजलं, की तिथे शहराची निवडणूक कायद्यानेच पक्षाविना होते. माझे बंडखोर पकडण्याचे कष्ट वाया गेले.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, एका बूथला जमीनच नव्हती. यादीत नाव होतं, भरपूर मतं होती, पण नकाशावर जागा नाही. माझ्या धंद्यात याच्याइतकी अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी नाही. मी चोवीस इंचाच्या स्क्रीनवर ते बूथ असं शोधत होतो, जसा माणूस कपाळावरचा चष्मा शोधतो.

एक ना धड, भाराभर चिंध्या. माझ्याजवळ तीन लेयर होते आणि तीन वेगवेगळी शहरं दिसत होती.

अशा अवस्थेत मी मतदान केंद्रांचे पत्ते नकाशावर टाकले. आणि तिथे आमचं घोडं भलत्याच रस्त्याला लागलं.

एक केंद्र बर्फावर स्केटिंग करायच्या हॉलमध्ये होतं, एक अग्निशामक केंद्रात, एक वाचनालयात. बाकीची सगळी चर्चमध्ये. मी थबकलो. आपल्याकडे मतदान केंद्र शाळेत असतं. देवळात नाही, मशिदीत नाही, चर्चमध्ये नाही. धार्मिक जागेत मतपेटी ठेवायची नाही, हे इतकं पक्कं आहे की त्यामागे नियम आहे हेही आपण विसरून गेलो आहोत. मग जिथे चर्चमध्ये केंद्र आहे तिथे त्याचा काहीतरी अर्थ असणारच, असं मला वाटलं. मी चर्चवाली बूथं वेगळी काढली. ती जवळजवळ सगळी लाल निघाली. बिनचर्चवाली बहुतेक निळी.

नबील तेवढ्यात आला. त्याने ते बघितलं आणि कप टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?"

"चर्चमधली बूथं."

"आणि ही लाल?"

"हो, पण अजून..."

"मिस्टर प्रमोद!" त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. "हेच! हेच पाहिजे होतं. प्रत्येक गावात मोठी माणसं असतात. त्यांच्याकडे आधी जायचं, बसायचं, कॉफी प्यायची. इथे मजलिस, तिथे चर्च. पाद्री सांगेल तसं बूथ मत देईल."

मजलिस म्हणजे इथल्या घरांतली पाहुण्यांची बैठक. कुठल्याही भागात काही करायचं तर तिथल्या वडीलधाऱ्याच्या मजलिसीत हजेरी लावायची, ही इथली रीत. आणि आमच्याकडे गठ्ठा मतदान. अमक्या गल्लीची पेटी तमक्या अण्णांच्या शब्दावर जाते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. जॉर्डनचा माणूस आणि सटाण्याचा माणूस, दोघांनाही ते एका क्षणात पटलं. अमेरिकन माणूस खोलीत एकही नव्हता.

नबीलने संध्याकाळपर्यंत स्लाइड केली. त्यावर चर्चची चित्रं, बाण, आणि वर मोठं शीर्षक, 'शहराचे दरवाजे कुणाच्या हातात'. ती त्याने अबू नासिरांना लगेच पाठवूनही दिली. अबू नासिर खूश झाले. ही भाषा त्यांना कळणारी होती. ते म्हणाले, बुधवारी नक्की करू, मग माणसं पाठवतो, पाद्र्यांना भेटतील, उत्तम खजूर आणि अत्तर घेऊन जातील, आणि आमच्या कारखान्यासाठी दोन शब्द बोला म्हणून विनंती करतील.

मला मात्र ते जमीन नसलेलं बूथ सोडत नव्हतं. अर्धवट लेयर मी पाठवू शकत नाही, ती माझी खोड आहे. सोमवारी दुपारी, म्हणजे त्यांच्या सकाळी, मी त्या शहराच्या सिटी क्लार्कच्या ऑफिसला फोन लावला. निवडणुकीचं काम तिथे तेच बघतात. डोना नावाच्या बाईंनी उचलला.

मी कतारहून बोलतोय म्हटल्यावर त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "तिकडे आत्ता ऊन असेल ना? नशीबवान आहात." मी माझं हरवलेलं बूथ विचारलं. त्यांनी सांगितलं, ती पोस्टाने आलेली मतं. ती सगळ्या शहरातली एकत्र मोजतात, म्हणून यादीत वेगळं नाव. त्यांना जागा नसतेच. मला एकदम हलकं वाटलं.

फोन ठेवता ठेवता मी सहज विचारलं, "आणि चर्चमधली केंद्रं कशी ठरवता? त्या भागातली जास्त माणसं त्या चर्चची असतात म्हणून?"

"नाही हो. पार्किंगसाठी."

"काय?"

"पार्किंग. चर्चला मोठं पार्किंग असतं, हॉल असतो, पायऱ्या नसतात, आणि ते फुकट देतात. शाळांनी सुरक्षेसाठी नको म्हटलं, म्हणून बरीच केंद्रं हलवली. एका ठिकाणी तर पाद्रीबाईंनी सांगितलं, केंद्र ठेवा, पण मतदानाच्या दिवशी आमचा सूपचा कार्यक्रम असतो, त्याला अडचण नको."

मी आभार मानून फोन ठेवला. मग बाहेरच्या लाल वस्त्यांकडे पुन्हा बघितलं. वस्त्या नव्या, म्हणून तिथे जागा मोकळी. जागा मोकळी, म्हणून चर्चला मोठं पार्किंग. मोठं पार्किंग, म्हणून तिथे केंद्र. पाद्र्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. आम्ही मोटारी लावायच्या जागेवरून लोकांची श्रद्धा मोजली होती.

मी नबीलच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण चेहरा बंद होत गेला.

"पार्किंग," तो म्हणाला.

"पार्किंग."

"हे कुणाला माहीत आहे?"

"त्या शहरात सगळ्यांना."

"दोह्यात?"

"मला आणि आता तुम्हाला."

"मग खलास. क्लायंट समाधानी आहे. तू टेक्निकल बाजू सांग, मी बाकीचं बोलतो." आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तुझ्या रिन्युअलचं या आठवड्यात बघायचंय मला."

त्याने धमकी दिली असं मी म्हणणार नाही. त्याने फक्त दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली.

घरी आलो आणि खांद्यावरची बॅग न काढताच स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. आम्ही अल सद्द भागात राहतो, दोन खोल्यांचा फ्लॅट. सई आतल्या खोलीत केमिस्ट्री घेऊन बसली होती. माझी बायको मेधा लातूरची. तिने दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालंय? बोला की."

मी बोललो. नकाशा, चर्च, पार्किंग, नबील, सगळं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"त्या लोकांचं एवढं काय कळंना तुम्हाला?" ती म्हणाली. "मामंजींचंच बघा की. दिल्लीला जन्मभर एकाच पक्षाला मत. घरात त्या पक्षाविरुद्ध बोलायची सोय नव्हती. आन् नगरपालिकेला कुणाला द्यायचे?"

मी आठवून हसलो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, शिक्षक होते. नगरपालिकेला ते विरुद्ध पक्षाच्या माणसाला मत द्यायचे, कारण आमच्या गल्लीतला नळ त्याने आणला होता. आणि पतपेढीच्या निवडणुकीत तिसऱ्याच पॅनेलला, कारण त्यात त्यांचा विद्यार्थी होता. तिन्ही मतं त्यांनी तितक्याच निष्ठेने दिली. दादांना कुणी विचारलं असतं, तुम्ही एका शब्दात कोण, तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

"मग सांगून टाकायचं का?" मी विचारलं.

 मेधाने भाकरी उलटली, तव्यावर फिरवली. "सईचं वर्ष आहे," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण ती माणसं खजूर घेऊन चर्चात गेली आन् तिथं तमाशा झाला, तर नाव कुणाचं येणार? नबीलचं येणार व्हय?"

आतून सईचा आवाज आला, "बाबा, आय कॅन हिअर यू, यू नो." मग दारात येऊन उभी राहिली. "जस्ट टेल देम. वर्स्ट केस, मी नाशिकला आजीकडे राहून एक्झाम देईन." ती हे बोलली तेव्हा तिचा आवाज नीट होता, पण हातातलं पेन ती सारखं टकटक वाजवत होती. माझी लेक घाबरली होती आणि मला धीर देत होती. मला फार वाईट वाटलं, आणि तिचा अभिमानही वाटला.

बुधवारी आम्ही अबू नासिरांच्या ऑफिसात गेलो. उंच टॉवर, खाली समुद्र. छोट्या कपांत कहवा आला. नबीलने सुरुवात छान केली. चर्चची स्लाइड आली तेव्हा अबू नासिर पुढे सरकले.

"म्हणजे ही चर्चं आपली झाली, की शहर आपलं?" त्यांनी विचारलं. बघत होते माझ्याकडे, कारण नकाशा माझा होता.

नबीलने तोंड उघडलं. मी त्याच्या आधी बोललो. आधी बोललो नसतो तर बोललोच नसतो.

"नाही सर. मतदान केंद्रं चर्चमध्ये आहेत, कारण तिथे गाड्या लावायला जागा आहे. मी सिटी क्लार्कला विचारलं. पाद्री लोकांचा मतांशी काही संबंध दिसत नाही. तुमची माणसं भेटवस्तू घेऊन गेली, तर ते लोक गोंधळून जातील. कदाचित रागावतील."

अबू नासिरांनी कप खाली ठेवला.

"पार्किंग," अबू नासिर म्हणाले.

"हो सर."

"मग हे लोक कुणाचे?"

"ते मला माहीत नाही. वॉशिंग्टनसाठी ते एक बोलतात, शाळेसाठी दुसरं. तुमच्या कारखान्याबद्दल काय बोलतील ते या नकाशात नाही. पण कौन्सिलच्या मीटिंगांचे व्हिडिओ सगळ्यांना बघायला ठेवलेले असतात. काल मी बरेच बघितले. एक गोदाम आलं होतं मंजुरीला, तेव्हा रेडवाले आणि ब्लूवाले दोघेही एकच विचारत होते. ट्रक कुठून जाणार, वास येणार का, पाणी किती लागणार."

अबू नासिर नबीलकडे वळले आणि अरबीत बोलू लागले. बराच वेळ. नबील उत्तरं देत होता, छोटी छोटी. त्यातला मला 'खरीता' एवढाच शब्द कळला, म्हणजे नकाशा. ती मला शाबासकी होती की शिव्या होत्या, ते चेहऱ्यांवरून ओळखता येईना. इतकी वर्षं इथे काढून मी अरबी शिकलो नाही, याचा मला त्या दिवशी जितका पश्चात्ताप झाला तितका कधी झाला नव्हता.

शेवटी अबू नासिर इंग्रजीत म्हणाले, "ट्रकचा रस्ता काढून द्या." आणि उठले.

परतताना गाडीत नबील खिडकीबाहेर बघत बसला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या खुर्चीमागे आलाही नाही. मी ट्रकच्या रस्त्याचा नकाशा केला. जुना रस्ता प्राथमिक शाळेसमोरून जात होता. मी नदीच्या पलीकडून एक लांबचा काढला. कारखान्याला पाणी किती लागेल, धूर कुठल्या दिशेला जाईल, हे सगळं क्लायंटच्या इंजिनियरकडून घेऊन त्यात भरलं. हे काम मला येत होतं. कामात डोकं बुडवलं की रिन्युअलचा विचार तेवढा वेळ बाजूला राहायचा. घरी मेधा दार उघडताना आधी माझा चेहरा बघायची.

डिसेंबरच्या मध्याला कौन्सिलची सुनावणी झाली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिचं रेकॉर्डिंग बघितलं. जाड जाकिटं घातलेली माणसं एकेक करून माइकपाशी येत होती. लाल वस्तीतल्या एका गृहस्थांनी नोकऱ्या येतील म्हणून पाठिंबा दिला. त्याच वस्तीतल्या त्यांच्या शेजाऱ्याने विरोध केला. निळ्या भागातल्या एक बाई म्हणाल्या, प्लास्टिक मला पसंत नाही, पण तो कारखाना वीस वर्षं उंदरांचं घर होऊन बसलाय, तेव्हा होऊन जाऊ द्या. अबू नासिरांचा इंजिनियर ट्रकचा नकाशा दाखवत होता, आणि लोक त्या नकाशावर बोट ठेवून भांडत होते. मंजुरी मिळाली, पण काठावर. बँडवाले मास्तर हो म्हणाले, फुलवाल्या बाई नाही, आणि ते ज्या वस्त्यांतून निवडून आले त्यांच्या रंगाप्रमाणे ते दोघे अगदी उलट बोलायला हवे होते.

मी आनंदाने नबीलला सांगायला गेलो. "कळलं मला," तो म्हणाला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला. तेव्हा मात्र माझी खात्री पटली, की आपलं सामान बांधायची वेळ आली. त्या संध्याकाळी मी शाळेच्या दाखल्यासाठी काय काय लागतं ते शोधून ठेवलं. मेधाला सांगितलं नाही.

महिना संपत आला तेव्हा नबीलने केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाला नाही, म्हणून मी उभाच राहिलो.

"रिन्युअल एक वर्षाचं. एचआरला सांगितलंय."

 "शुक्रन," म्हणून मी आभार मानले.

"पण यापुढे क्लायंट मीटिंगला तू यायचं नाही. नकाशा पाठवायचा, बोलेन मी."

"का?"

"मला बीपी आहे," नबील म्हणाला.

घरी सांगितलं तेव्हा मेधा खुर्चीवर बसली आणि रडली. मग उठून देवापुढे साखर ठेवली. सईने विचारलं, "सो वी आर स्टेइंग?" मी म्हटलं, वर्षभर. ती बरं म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली. त्या रात्री पहिल्यांदा तिच्या खोलीतून पेनची टकटक ऐकू आली नाही.

तिची परीक्षा झाली, निकालही चांगला लागला. मी त्यानंतर एकाही क्लायंट मीटिंगला गेलो नाही आणि माझी झोप सुधारली. धंद्यातला धडा एवढाच, की माणूस कुठे मत देतो ते नकाशावर दाखवता येतं. का देतो, ते त्यालाच विचारावं, आणि विचारूनही पूर्ण कळेल अशी आशा धरू नये.

सई आता अठराची झाली आहे. मतदार यादीत नाव घालायचं म्हणते. परवा जेवताना मी सहज विचारलं, मत कुणाला देणार?

"डिपेंड्स, बाबा," ती म्हणाली आणि वरणाची वाटी पुढे केली.

अबू नासिरांना दिलेल्या आमच्या रिपोर्टचा निष्कर्षही तोच होता. फक्त त्याला चाळीस पानं लागली होती.